स्वयंभूचं नेमलेलं पुस्तक

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. काकूंचा एक डोळा पातेल्यावर होता. काका घरभर दुसरा मोजा शोधत फिरत होते आणि तो त्यांच्याच खांद्यावर होता. काकूंनी तो कधीच पाहिला होता, पण सकाळच्या धबडग्यात एवढीच काय ती करमणूक, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

दार उघडलं तर वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी. एका हातात भलंमोठं कुलूप, काखेत जाडजूड पुस्तक.

"काकू, एक काम होतं. मला कोंडून ठेवाल का?"

मागे दूध उतू गेलं.

"कुणाला कोंडायचंय?" आतून काका ओरडले.

"मला," ती शांतपणे म्हणाली. "रोज सकाळी. तुमचं आवरलं की बाहेरून कुलूप लावायचं, आणि माझ्या दुकानाची वेळ झाली की काढायचं. बाकी तुम्हाला काही त्रास नाही."

काकूंना धक्का बसला तो कोंडण्याचा नव्हता. 'एक काम होतं' हे तीन शब्द या मुलीच्या तोंडून निघाले, त्याचा होता.

दोन वर्षं ती वर राहत होती आणि दोन वर्षांत तिने खाली येऊन कधी चिमूटभर साखरही मागितली नव्हती. नळ गळला तर स्वतः वायसर बदलायची. एकदा तापाने फणफणली होती, तर काकू पेज घेऊन वर गेल्या. दार किलकिलं करून म्हणाली, "माझं झालंय जेवण," आणि दुसऱ्या दिवशी कळलं की घरात ब्रेडचा तुकडासुद्धा नव्हता. राहायला आली तेव्हा सोबत एक लोखंडी कपाट होतं. हमाल जिना बघूनच पळाला. मग हिने कपाटाचे कप्पे सोडवले, दारं उतरवली आणि एकेक भाग करत सगळं वर नेलं. 'एकटीने नेलं' हे ती पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि सांगावं असंच ते काम होतं. त्या आठवड्यात काकांचा अंगठा काळानिळा झाला होता, पण ते असो.

काकांनी तिचं नाव 'स्वयंभू' ठेवलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर. तिला ते आवडायचं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

दुपारपासून ती बाजारातल्या एका फ्रेमच्या दुकानात काम करायची. लाकडी पट्टीचे कोपरे तिरके कापायचे, काच बसवायची, मागे पुठ्ठा लावून बारीक खिळे ठोकायचे. कोपरा असा जुळवायची की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. दुकानात येणाऱ्या फोटोंपेक्षा प्रमाणपत्रंच जास्त. "काकू, माझ्या हातून रोज ढीगभर यश जातं," ती म्हणायची. "आणि निम्मं भिंतीची ओल झाकायला टांगतात."

आणि गंमत पाहा, महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला जो विषय होता तो नेमका 'स्वावलंबन आणि यश'. त्यासाठी एक पुस्तक नेमलेलं होतं: शून्यातून पंपांचा कारखाना उभारलेल्या एका उद्योगपतीचं आत्मचरित्र. ज्या विषयात ही पोरगी जन्मजात पंडित, त्याच विषयात ती आदल्या वर्षी नापास झाली होती. कारण तिने पुस्तकाऐवजी गाईड वाचलं. गाईडात यशाची कारणं ओळीने दिली होती: जिद्द, चिकाटी, काटकसर वगैरे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्हाला पुस्तकातला कुठला प्रसंग आवडला?" गाईडात प्रसंगच नव्हते.

आता पुन्हा परीक्षा होती, आणि ही शेवटची. तिच्या वडिलांचं गावी रंगाचं दुकान. त्यांनी बजावलं होतं, "आणखी एक वर्ष घे. नाही जमलं तर मुकाट्याने घरी ये. गल्ल्यामागे तुझी खुर्ची पुसून ठेवलीय." त्या पुसलेल्या खुर्चीचा तिने भलताच धसका घेतला होता. वडील वाईट नव्हते. त्यांना एवढंच वाटायचं, की मुलीचं एकटीने जे करायचं ते करून झालं.

"पण मग वाच की बाई," काकू म्हणाल्या. "वाचायला कुलूप कशाला?"

"पुस्तक उघडलं की मला नळ ऐकू येतो. मग मी नळ बघते. मग कोनाड्यातली धूळ दिसते. मग दुकानातून मालकांचा फोन येतो, जरा लवकर ये म्हणून, आणि मला नाही म्हणता येत नाही. कामातून मन काढून नुसतं बसायचं हे मला शिकवलंच नाही कुणी."

"आणि आग लागली तर?" काकूंनी गृहिणीचा प्रश्न विचारला.

त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी वरच्या खिडकीतून खाली स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दोरी सोडायची असं ठरलं. दोरीच्या टोकाला डाव, आणि डाव रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लोंबकळता. आग, आजार किंवा उंदीर, एवढ्याच कारणांसाठी दोरी ओढायची. चहासाठी नाही. नळाची मुख्य चावी खालून बंद. फोन काकूंच्या मांडणीवर.

"मी बी. ए. झाल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं," काकू जिना उतरताना म्हणाल्या. "तुरुंगाधिकारी झाले."

पहिल्याच दिवशी डबा खणखणला. काकू धापा टाकत वर. "काय गं, काय झालं?"

"काही नाही. दोरी चालते का बघत होते."

काकूंनी दाराबाहेरूनच तिला चार शब्द सुनावले. नंतर दोरी गप्प राहिली, पण फोनने वीट आणला. फ्रेमवाल्या मालकांना काकूंनी सांगितलं, "ती नाही येणार, कोंडलेली आहे." ते घाबरले. "कुणी कोंडलं? पोलिसांना कळवू का?" "मी कोंडलंय." "अस्सं," ते म्हणाले, "मग माझ्या मुलालाही पाठवू का तुमच्याकडे?"

एकदा वडिलांचा फोन आला. "वाचायला बसलीये," काकूंनी सांगितलं.

"बसलीये? आमची? खुर्चीला खिळून ठेवलंत की काय?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तिला सांगू नका मी विचारलं म्हणून. पण होईल ना हो पास?"

काकूंनी ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती वडिलांसाठी वाचायला लागली असती, आणि वाचणं आत्ता कुठे तिचं स्वतःचं होऊ लागलं होतं.

ते कळायचं आवाजावरून. आधी दाराआडून नुसते उसासे. मग पानं उलटल्याचा आवाज. मग एक दिवस काकू जिन्यात धुतलेले कपडे घड्या करत बसल्या होत्या, तर आतून हाक आली.

"काकू, आहात?"

"आहे. बोल."

"स्वतः निवडलेलं पुस्तक बरं असतं. ते आपल्या मनासारखं बोलतं. हे नेमलेलं म्हणजे लग्नात शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा. उठताही येत नाही, आणि ऐकावं तर पटत नाही."

"मग भांड त्याच्याशी."

"भांडता येतं?"

"पुस्तकाशी नाही भांडायचं तर कुणाशी? ते उलट बोलत नाही."

त्यानंतर तिने जे भांडण काढलं ते काकूंनी काकांना पुरवून पुरवून सांगितलं. ती मोठ्याने वाचायची आणि मग उद्योगपतींना झापायची. 'मी कुणाचीही मदत न घेता' असं वाक्य आलं की आतून "हं!" असा आवाज यायचा. सुरुवातीला तो 'हं' कौतुकाचा होता. आपल्यासारखाच माणूस भेटला, असा. हळूहळू त्याचा सूर बदलला. दुकानातून माउंटच्या, म्हणजे फोटोभोवती लावायच्या पुठ्ठ्याच्या, कापलेल्या रंगीत पट्ट्या आणून तिने पुस्तकात खुणा घालायला सुरुवात केली, आणि पुस्तक साळिंदरासारखं दिसू लागलं.

एका सुट्टीच्या दिवशी काकाही घरी होते. काकू जिन्यात मटार सोलत, काका खालच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन. आतून एकदम दणका.

"काकू, हे ऐका! 'ते अवजड यंत्र मी एकट्याने दुसऱ्या मजल्यावर चढवले.' पुढे यंत्राचं वर्णन दिलंय. ओतीव लोखंड, माणसाच्या छातीएवढं उंच. शक्यच नाही!"

"अगं, असेल ताकदीचा."

"ताकदीचा प्रश्न नाही हो! मी कपाट नेलंय या जिन्याने. जिन्याला वळण असतं. वळणावर वस्तू उभी करून फिरवावी लागते, आणि फिरवताना खालचं टोक कुणीतरी धरावंच लागतं. नाहीतर ती घरंगळते आणि आपण तिच्याबरोबर. मग याचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? त्याचं नावच नाही कुठे!"

काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"आणि तुझ्या कपाटाचं कुणी धरलं होतं?"

आत खुर्ची करकरली.

"मी एकटीने..." आवाज जरा कमी.

"कप्पे एकटीने. दारं एकटीने. सांगाडा?" काकांनी अंगठा वर केला, जणू तिला दाराआडून दिसणारच होता. "मी कार्यालयातून येत होतो. तू वळणावर अडकली होतीस आणि 'नको नको' म्हणत होतीस. नख परत यायला चार महिने लागले या अंगठ्याचं. विचार तुझ्या काकूला."

"अहो, कशाला आता," काकू कुजबुजल्या.

"कशाला म्हणजे? इतकी वर्षं उद्योगपतीच्या यंत्राखाली माझ्यासारखाच कुणीतरी सापडलाय. त्याच्या वतीने बोलतो मी."

काकूंना वाटलं, पोरगी दुखावली. त्यांनी किल्ली हातात घेतली, परत ठेवली. मग पानं उलटल्याचा आवाज आला; पण उलट्या दिशेने. ती पहिल्या पानाकडे निघाली होती.

कुलूप काढायची वेळ झाली तेव्हा ती दारात उभी होती. डोळे लाल, पण कोरडे. "काका, मी खोटं नव्हते सांगत," ती म्हणाली. "मला खरंच आठवतच नव्हतं."

"माहीत आहे गं," काका म्हणाले. "म्हणून तर आजवर बोललो नाही."

काकूंना तिचं जे खरं कौतुक वाटलं, ते यापुढचं. दुसरी एखादी असती तर शरमेने पुस्तक मिटून बसली असती, किंवा उद्योगपतीला लबाड ठरवून मोकळी झाली असती. हिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. तिने अख्खं पुस्तक पुन्हा वाचलं, कोपरा जुळवावा तसं. जिथे जिथे दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असणार तिथे पट्टी. एका ओळीत बहीण डबा घेऊन कारखान्यात येते आणि पुढे पुस्तकभर दिसत नाही, तिथे पट्टी. बँकेतला एक कारकून रविवारी दार उघडतो, तिथे पट्टी. आणि जिथे त्या माणसाने खरोखर एकट्याने सोसलं होतं, त्या जागी तिने पांढरी पट्टी घातली. "त्या पण आहेत, काकू," ती दाराआडून म्हणाली. "कमी नाहीत. ते त्याचं त्याला द्यायला हवं."

परीक्षेच्या सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून, साळिंदर काखेत मारून गेली. संध्याकाळी थेट स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. हे तिने याआधी कधी केलं नव्हतं.

"तेच परीक्षक होते. म्हणाले, लेखकाच्या यशाचं रहस्य सांगा. मी म्हटलं, सर, आधी यंत्र जिन्याने चढवू."

"अगं बाई!"

"वळण समजावून सांगितलं. टेबलावरचा डस्टर उभा करून फिरवून दाखवला. ते म्हणाले, म्हणजे हा लेखक खोटारडा? मी म्हटलं, नाही सर. मीपण एक कपाट एकटीने नेलंय असं दोन वर्षं सांगत होते. खोटं नव्हतं. फक्त वळण विसरले होते."

"मग?"

"मग ते म्हणाले, हे गाईडात नाही." ती हसली. "मी म्हटलं, गेल्या वर्षी गाईडातलं सांगितलं होतं सर, तेव्हा तुम्हीच नापास केलंत."

निकाल लागला. पास. पहिली वगैरे नाही, परीक्षक तेवढे दिलदार नव्हते. पण काठावरही नाही. वडिलांना तिने काकूंच्या समोरच फोन लावला. "बाबा, त्या खुर्चीवर आता तुम्हीच बसा. पाय दुखतात ना तुमचे?" पलीकडून काय उत्तर आलं ते काकूंना ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर मुलगी बराच वेळ नाक पुसत होती. कुलूप तिने परत मागितलं नाही. ते अजून काकूंच्या मांडणीवर आहे, आणि दोरीखालच्या त्या डब्यात आता डाळ आहे.

त्यानंतर महिनाभराने, सकाळी, दूध तापत असताना पुन्हा थाप पडली. काकूंनी या वेळी आधी गॅस बंद केला.

दारात स्वयंभू. शेजारी पुस्तकांची मांडणी, तिच्या खांद्याएवढी उंच, दुकानातल्या उरलेल्या पट्ट्यांची तिने स्वतः बनवलेली. एक पट्टी सोनेरी, एक काळी, एक तपकिरी. पण कोपरे असे जुळलेले की काकूंनी नख फिरवून पाहिलं तर लागलं नाही. मांडणीला ना कप्पे सुटे होते, ना दारं. भाग भाग करून नेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कशाला गं एवढी मोठी? पुस्तक तर एकच आहे तुझ्याकडे."

"आता आणणार आहे. भांडायला."

काका एका पायात मोजा घालून बाहेर आले. तिने मांडणीवरचा हात काढला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, जिन्याच्या वळणावर दुसरं टोक धराल का?"