गावचा कुत्रा परळला ठरतो

आमच्या गावचं काहीही मुंबईत ठरतं. देवळाचा रंग, शाळेतला पंखा, विहिरीवरची जाळी, सगळ्याचा ठराव परळला होतो आणि गावाला तो फोनवर कळवला जातो. गावात राहणारी माणसं त्यावर हसतात की चिडतात, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. मी परळच्या भोईवाड्यातल्या चाळीत जन्मले, म्हणजे ठरवणाऱ्यांच्या बाजूची. त्यामुळे गावी धाकट्या काकांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या घरी कुत्रा हवा असं निघालं, तेव्हा तोही आमच्या चाळीतच ठरणार, यात कोणाला काही विशेष वाटलं नाही.

भाऊ टेम्पो चालवतो. कधी काजू, कधी फरशा, मिळेल तो माल घेऊन कोल्हापूर आणि गोवा करतो आणि निम्मा आठवडा बाहेर असतो. घरात वहिनी आणि चार वर्षांची मुलगी. घर वाडीच्या अगदी टोकाला. हाकेच्या अंतरावर दोन घरं आहेत, पण दोन्हींना कुलूप. त्यांची माणसं आमच्याच मजल्यावर राहतात.

एका दुपारी वहिनी मागच्या पडवीत कपडे धूत होती. पुढे आली तर ओटीवर एक अनोळखी माणूस बसलेला, शेजारी मुलगी, आणि मुलीच्या हातात त्याने दिलेलं बिस्कीट. माणसाने पाणी मागितलं, प्यायला, नमस्कार करून गेला. घडलं काहीच नाही. पण तो किती वेळ तिथे बसला होता हे वहिनीला सांगता येईना, आणि तेच तिच्या मनातून जाईना. त्या दिवसापासून ती भरदिवसा पुढचं दार लावून घेऊ लागली. मुलीचं अंगणात खेळणं बंद झालं. शेवटी तिने भावाला सांगितलं, की येत्या जूनच्या पुढच्या जूनला मुलीला परळच्या शाळेत घालायचं आणि घराला कुलूप लावायचं.

ती आली असती तर माझ्या आणि आईच्या खोलीत राहिली असती. आमची ना नव्हती. पण फोनवर हे सांगताना ती रडली. सासरी येऊन तिने लावलेली काजूची कलमं त्याच वर्षी पहिलं फळ धरणार होती. तिला यायचं नव्हतं. भावाने मग कुत्र्याचं काढलं. त्यातही अडचण अशी, की मुलीला कुत्र्याची दहशत. वाडीतल्या एका कुत्र्याने तिला पाडून हातातली भाकरी पळवली होती.

एका रविवारी काकांच्या खोलीत सभा भरली. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले आणि गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. सहा माणसं जमली तरी ते उभे राहून बोलतात. विषय जातीचा म्हटल्यावर मंडळी एरवीपेक्षा सावरून बसली.

"अल्सेशन," काका म्हणाले. "दुसरा विचारच नको. घराला शोभा येते."

"शोभेला तुळशीवृंदावन आहे की," आई म्हणाली.

"तुम्ही मधे बोलू नका. कुत्रा असा हवा, की बघूनच माणूस मागे फिरला पाहिजे."

"मग डॉबरमन घ्या," तिसऱ्या खोलीतला एकजण म्हणाला. हा खाजगी कंपनीत सिक्युरिटीचं बघतो, म्हणजे नेमकं काय बघतो हे आम्हाला माहीत नाही. "नाहीतर रॉटवायलर. एकदा पकडलं की सोडत नाही."

"आणि पकडलं पोरीला तर?" काकांची सून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती, तिथून म्हणाली. "लॅब घ्या. माझ्या मैत्रिणीकडे आहे. मुलं त्याच्या अंगावर झोपतात."

"लॅब? चोर आला तर त्याला चप्पल आणून देईल!"

मग जो तो मोबाइल काढून कुत्रे दाखवू लागला. एकाने हिमालयातला केसाळ कुत्रा दाखवला. आमच्याकडे मे महिन्यात माणसं बनियन काढून बसतात, तिथे हा काय करणार, असं मी विचारलं. "सवय होते," असं उत्तर मिळालं. एकाने मुधोळचा सडपातळ शिकारी सुचवला, कारण त्याला इतिहास आहे. इतिहासाचं नाव निघाल्यावर सभा अर्धा तास भरकटली. शेवटी काकांनी अल्सेशनचा ठराव मांडला, टाळ्या झाल्या, चहा आला.

मी दादरला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्याची चूक छापायच्या आधी दिसली तर बरं, एवढंच त्या कामाने शिकवलं आहे. जनावरांचं मोठं इस्पितळ परळलाच आहे, त्यामुळे इथे राहणाऱ्याला जनावरांचा डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. एका संध्याकाळी मी एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांच्यासमोर टेबलावर एक मांजर होतं आणि बाई त्याच्याशीच जास्त बोलत होत्या.

"जात नंतर बघा," त्या म्हणाल्या. "जर्मन शेफर्ड, म्हणजे तुमचा अल्सेशन, मुलांशी चांगला राहतो, पण त्याला काम लागतं, फिरवणं लागतं, आणि कोकणातल्या हवेत त्या केसांखाली कातडी खराब होते, गोचीड शिरतात. लॅब प्रेमळ, पण खाऊन सुटतो. आपल्याकडचा देशी किंवा मिश्र त्या हवेत टिकतो. पिल्लू घेताना त्याची आई बघा. ती माणसांत कशी वागते ते बघा. हाक मारल्यावर जे अंगावर झेपावतं ते नको, कोपऱ्यात लपतं तेही नको. मधलं घ्या. आणि कुठलाही कुत्रा असला तरी लहान मुलाला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही, निदान पहिली काही वर्षं. घरात त्याला खायला कोण घालणार?"

"माझी वहिनी."

"त्यांना कसा हवाय?"

हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. आमच्या मंडळाची रीत ती नव्हे. त्या संध्याकाळी फोन लावला.

"माका दोनच गोष्टी होयत," वहिनी म्हणाली. ती माझ्याशी अर्धं मालवणी, अर्धं पुस्तकी बोलते; चेडू म्हणजे तिची मुलगी. "चेडवाक चावता कामा नये. आणि माणूस अंगणात पाय ठेवायच्या आधी माका कळला पाहिजे. बस."

"काका म्हणतात, चावणारा हवा."

"चावायला कुत्रो कशाक? मी आसंय की!"

शिवडीला एका गोदामात पिल्लं झाल्याचं भावाच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याने कळवलं होतं. मी आणि काका बघायला गेलो. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते, मुलगी बघायला निघाल्यासारखे. पिल्लांची आई तांबूस, साध्या अंगाची, एक कान पडलेला. ट्रक आत आला की उठून भुंकायची, ड्रायव्हर उतरला की थांबायची. रखवालदाराचं तान्हं पोर तिची शेपटी धरून उभं राहायला शिकत होतं आणि ती दुसरीकडे बघत होती.

"वडील कोण?" काकांनी विचारलं.

"पोलिसात होता," रखवालदार छातीठोकपणे म्हणाला. "असली अल्सेशन."

हे त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असणार. पण काकांचा ठराव वाचला. ते लगेच खाली वाकले. मी हाक मारली, तेव्हा एक पिल्लू अंगावर आलं, एक टायरमागे गेलं, आणि तिसरं दोन पावलं पुढे येऊन बसलं आणि आमच्याकडे बघत राहिलं. ते आम्ही उचललं.

गावी न्यायचं ते गणपतीला. तोवर मधले महिने चाळीत. काकांनी प्रशिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि प्रशिक्षण इंग्रजीत सुरू केलं. मराठी माणूस कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतो, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बायकोशी, देवाशी, भाजीवाल्याशी न बोललेलं इंग्रजी आपण कुत्र्यासाठी राखून ठेवतो. रोज सकाळी गॅलरीत काकांचा आवाज घुमू लागला. "सिट! स्टे! नो! गुड बॉय!" पिल्लू बसे, थांबे, बिस्कीट खाई. "गुड बॉय"च्या वेळी शेजारचे निवृत्त गृहस्थही मान वर करत.

त्याचवेळी दुसरं एक प्रशिक्षण चालू होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. चाळीत दारं उघडी. दिवसभर कोणी ना कोणी येणार, आणि प्रत्येक दारातून त्याला काहीतरी मिळणार. प्रत्येक खोलीने त्याला वेगळं नाव ठेवलं होतं आणि तो सगळ्यांना ओ देत असे. जिन्यावर पाऊल वाजलं की तो भुंकायचा, कारण आमच्याकडे जिन्यावर पाऊल वाजलं की कोणीतरी "कोण हवंय?" ओरडतंच. मग आलेल्या माणसाला शेपूट हलवत योग्य त्या दारापर्यंत पोचवायचा. कुरिअरवाला त्याच्यावर खूष होता. गणपतीच्या तोंडावर तो माझ्या गुडघ्याच्या वर आला होता, छाती रुंद, आवाज थेट पोलिसातल्या वडिलांचा, आणि जगात वाईट माणूस असतो याची त्याला काहीच कल्पना नव्हती.

हे माझ्या निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "रक्त आहे बाय त्याच्यात. वेळ आली की दिसेल."

गाडी चाळीच्या फाटकाशी उभी राहिली. काकांनी कुत्र्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं घातलं. आमच्याकडे त्याशिवाय काही हलत नाही. "बा देवा म्हाराजा, ह्यो आज आपल्या घराक जाताहा. जो कोण वाकड्या वाटेन अंगणात येत, तेका हेच्या आवाजानंच परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ एका आवाजात म्हणाली. कुत्रा भुंकला. काकांनी तो देवाचा कौल समजला.

गावी पोचल्यावर पहिल्या दिवशी मुलगी आत माजघरात जाऊन बसली, ती बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी फुलं विकणारा आला. तो बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी असतानाच कुत्र्याने असा आवाज काढला, की फुलवाल्याच्या हातातली परडी हलली. काका ओटीवर ताठ झाले. वहिनी चुलीवरचं सोडून बाहेर आली. आणि मग कुत्रा पुढे गेला, फुलवाल्याचा हात चाटला आणि त्याला मानाने ओटीपर्यंत घेऊन आला.

काकांनी पेपर तोंडासमोर धरला. तो कालचा होता.

"गुड बॉय," भाऊ हळूच म्हणाला.

"हसू नको!" काका पेपरामागून म्हणाले. मग मला उद्देशून, "हे तुमच्या चाळीने बिघडवलंय त्याला!" त्या चाळीत ते साठ वर्षं राहतायत.

मला वहिनीची भीती वाटत होती. एवढ्या सभा, एवढा प्रवास, आणि हातात काय, तर पाहुण्यांना आत आणणारा कुत्रा. मी तिच्याकडे बघितलं. ती फुलवाल्याकडे बघत नव्हतीच. ती ओटी ते बेडं हे अंतर बघत होती.

"मी चुलीपाशी होतंय," ती म्हणाली. "आणि तो अजून बेड्याच्या भायर होतो. माका कळला मा?"

"पण चाटला ना त्याला," मी म्हटलं.

"चाटू दे. मी येईपर्यंत चाटू दे. येणाऱ्याक काय म्हायत, तो चाटतलो की चावतलो?"

राहिली मुलगी. तिचं काम काकांनी केलं, न ठरवता. गौरी आल्या त्या दिवशी ते अंगणात उभे राहून, गेलेली अब्रू थोडी तरी परत मिळवावी म्हणून, कुत्र्याला हुकूम देत होते. मुलगी खिडकीच्या गजांतून बघत होती. "सिट," काका म्हणाले, कुत्रा बसला. मग खिडकीतून बारीक आवाज आला, "सिट." तो बसलेलाच होता. पण तिला वाटलं, आपण म्हणालो म्हणून. ती दारात आली आणि पुन्हा म्हणाली. काकांनी, मला हे कबूल करायला हवं, मोठ्या शहाणपणाने कुत्र्याला उठवलं आणि स्वतः गप्प राहिले. "सिट!" ती ओरडली. एवढा मोठा प्राणी तिच्याकडे बघून खाली बसला.

त्यानंतर कुत्र्याला सुट्टी मिळाली नाही. तो दिवसभर बसत होता आणि उठत होता. वहिनी मात्र पायरीवर तांदूळ निवडत दोघांवर डोळा ठेवून होती. डॉक्टरीणबाईंचं सांगणं मी तिच्यापर्यंत पोचवलं होतं.

"आता माका इंग्रजी शिकूक व्हया," ती म्हणाली. "माझा तो आयकत नाय."

आम्ही मुंबईला परतलो. भावाने मला परळच्या शाळांची चौकशी करून ठेवायला सांगितलं होतं. मी केली, दोन ठिकाणी जाऊन आले, बाकावर बसून आले. पुढच्या मंडळाच्या सभेत काकांनी गावात आणखी कुत्रे देण्याची योजना मांडली आणि आपला अनुभव सविस्तर सांगितला. त्यात फुलवाला नव्हता.

दिवाळी झाल्यावर वहिनीचा फोन आला.

"वन्सं, त्या शाळेचा राहू देत. हिका हयच्याच शाळेत घालतंय."

"नक्की? भाऊ काय म्हणतो?"

"ते काय म्हणतले? घरात मी रवतंय." मग ती काजूबद्दल बोलू लागली. कलमांना मोहोराची पालवी फुटली होती, कुत्र्याने एक कलम उकरलं होतं, मुलीने त्याला त्याबद्दल इंग्रजीत झापलं होतं. दार उघडं असावं, कारण अंगणातलं सगळं मला ऐकू येत होतं. तेवढ्यात कुत्रा भुंकायला लागला, तो रुंद, पोलिसी आवाज.

"थांबा हां, कोण तरी इलाहा," वहिनी म्हणाली आणि फोन तसाच ठेवून गेली.

मी कान लावून ऐकत राहिले. भुंकणं थांबलं. दुरून तिचा आवाज आला, मोकळा, थोडा कंटाळलेला, घरच्या बाईचा.

"कोण ता? येवा, बसा. च्या टाकतंय."