तिवा

डास-चिलटं चावून गाईला ताप भरतो, पाय आखडतात, गाय बसते आणि बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी उठते. म्हणून आमच्याकडं त्या दुखण्याला तिवा म्हणतात. सांगलीत विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत मी त्याच तिव्याचे विषाणू तपासते. गावोगावच्या गाईंचं रक्त आणायचं आणि विषाणूंची जनुकं एकमेकांशी ताडून बघायची. यंदा म्हसवडकडचे काही विषाणू जुन्यांशी जुळेनात. तिवा बदलतोय, एवढंच कळत होतं.

त्यातच म्हसवडजवळच्या, माण तालुक्यातल्या आमच्या घरून वडिलांचा फोन आला. आमची गाभण खिलार गाय बसली होती.

"तिवा हाय. उठंल तीन दिसांत," आबा म्हणाले.

चौथ्या दिवशीही ती उठेना. मी गावाकडं जायचं ठरवलं. निघता निघता आबांना फोनवर बजावलं, "आवं आबा, तिला काय बी पाजू नगा. तिव्यात गिळता येत न्हाई, पाजल्यालं छातीत जातं. डॉक्टर सलाईन लावतील."

"बरं."

आमच्या आबांचं बरं म्हणजे ऐकलं, पण करणार मनाचंच. गोठ्यात गेले तर बांबूचं नळकांडं धुऊन उपडं ठेवलेलं, आणि गूळ-सुंठीचा वास. आजारी जनावराच्या घशात नळकांड्यानं काढा ओतल्याशिवाय आमच्या माणसांना भाकर गोड लागत नाही. गाईच्या नाकातून फेस येत होता, छाती घरघरत होती. मला आबांचा असा राग आला की त्यांच्याकडं बघवेना. तपासायला तिचं रक्त काढून घेतलं.

डॉक्टरांनी सगळं केलं. संध्याकाळी गाय गेली, पोटातलं वासरूही गेलं.

आबा तिच्या शिंगावर हात ठेवून बसून राहिले. "उपाशी कशी ठिवायची गं? करायला गेलो येक..." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो तू म्हणत हुतीस त्यो नवा तिवा आसंल. म्हणूनच उठली न्हाई. तुज्या मशीनीत कळंल न्हवं?"

सांगलीला येऊन मीच तपासलं, पुन्हा तपासलं. जुनाच, ओळखीचा विषाणू होता. गाभण गाईला उठायला कधी कधी जास्त दिवस लागतात, तेवढंच. ती उठली असती.

आबांचा फोन आला.

"कळलं का गं? नवाच हुता न्हवं?"

"व्हय आबा," मी म्हणाले, "नवाच हुता."