आनंदाबाईची लाकडी उशी

करडी गावचा नत्थू सुतार बैलगाड्या बनवायचा. १९८१ साली त्याच्या बायकोच्या, आनंदाबाईच्या मेंदूत गाठ निघाली. नागपूरच्या दवाखान्यात तिला रोज किरणं देणाऱ्या कोबाल्टच्या मशीनखाली झोपावं लागे. खोलीत ती एकटीच असे आणि भीतीनं तिची मान थरथरायची. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी मशीन मधेच थांबवलं.

"डोकं बोटभर जरी सरकलं तरी किरणं गाठ सोडून चांगल्या मेंदूवर पडतात," ते म्हणाले.

"मी नाही हलत जी, मानच हलून राहिली," आनंदाबाई रडवेली झाली.

नत्थूनं सुतळीनं तिच्या डोक्याचं माप घेतलं. गावी येऊन त्यानं शिवणीच्या लाकडात खोलगट उशी कोरली, कपाळासाठी कापडी पट्टा लावला आणि माप घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती नीट तपासली. आनंदाबाईचं डोकं तिच्यात घट्ट बसलं, आणि पुढचे पंचवीस दिवस ते जागचं हललं नाही.

गाठ आटली. डॉक्टरांनी दुसऱ्या रोग्यांसाठी तशाच तीन उश्या मागवल्या.

"नागपूरच्या डाक्टरले जे सुचलं नाही, ते आमच्या घरच्यायले सुचलं," आनंदाबाई पुढे धानाच्या रोवणीला जाताना बायांना सांगायची.