बोकडाच्या तोंडातला घास

जामसरजवळच्या पाड्यावर सगळे सुकीला हट्टी म्हणत, आणि तिला ते आवडे. भात झोडून झालं की पाडा वीटभट्टीवर जाई. नवरा वारला तरी सुकी गेली नाही. "शेळ्यांना काय विटा उचलायला नेऊ?" ती म्हणे. लेकीच्या, रविनाच्या शिक्षणापायी एकेक शेळी विकत आता गाभण बांडी तेवढी उरली होती. तीही गेली की सुकीलाही भट्टी ठरलेली.

आणि यंदा चूक सुकीनेच केली. वाघबारशीला, वाघाने जनावरं राखली म्हणून वाघदेवाला निवद दाखवला, आणि उरलेला टोपभर भात लाडाने बांडीपुढे ओतला. सकाळी तिचं पोट टम्म फुगलेलं, रवंथ बंद.

दीर जिवा दारात आला. "वयनी, मरायच्या आत मुनाफभाई खाटकाला विक. नायतर मटणबी जाईल."

"तुला ताप आलेला तवा मी तराजू आणलेला का रं?"

जनावरांच्या दवाखान्यातल्या कामाचं शिक्षण घेणाऱ्या रविनाने डॉक्टरांना फोन लावून खायचा सोडा पाण्यातून पाजला. फुगारा उतरला, पण बांडी चारा हुंगेना.

"आये, गवत शेळी एकटी पचवत नाय. पोटात बारीक जीव नांदतात, ते पचवतात. भातानं पोट आंबलं, ते मेले. दुसऱ्या जनावराच्या रवंथातून नवे वसवू."

जिवाचा बोकड अंगणात निवांत रवंथ करत होता.

"त्याच्या तोंडातलं काढलं तर तो वाळंल," जिवा आडवा आला. "हात लावायचा नाय!"

"मग माझा हात धर," म्हणत सुकी बोकडाशेजारी बसलीसुद्धा. गळ्यातून घास वर सरकताच तिने जबडा उघडून बोटं आत घातली. बोकड कचकन चावला.

"सोड, वयनी!"

"मला काय सांगतोस? त्याला सांग!"

रक्ताळल्या मुठीत हिरवा लगदा आला. तो कोमट पाण्यात कालवून रविनाने बांबूच्या नळीने बांडीला पाजला. दुसऱ्या दिवशी सुकीने पुन्हा चावा सोसला.

भट्टीचा ट्रक आला तेव्हा बांडी दारात डोळे मिटून जबडा हलवत होती. जिवा ट्रककडे न जाता बोकड घेऊन आला आणि त्याचं दावं सुकीच्या खांबाला बांधू लागला. भट्टीवर जाताना बोकड ठेवायला दुसरं घर नव्हतं.

"ठेव," चिंधी बांधलेलं बोट नाचवत सुकी म्हणाली. "पण त्याच्या तोंडातलं घेताना मी तुला इचारणार नाय."