बहिणीच्या कोळप्याचा वाक

लोहाराने घडवलेला विळा वीस वर्षं टिकायचा, आणि ही गोष्ट तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघण्यात त्याची पन्नाशी उलटून गेली होती.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेची लांबट खोली. पुढे भट्टी आणि ऐरण, मागच्या भिंतीला जुन्या ट्रकच्या स्प्रिंगमधल्या पोलादी पाट्यांचा ढीग, आणि त्या ढिगाच्या वर एक खिडकी. खिडकीतून धाकट्या बहिणीचा भाजीचा मळा दिसायचा. तिचा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. मळा ती एकटीच बघायची. दुपारी पाणी प्यायला दुकानात यायची आणि आली की काहीतरी कुरबूर घेऊनच यायची.

त्या वर्षी कुरबूर कोळप्याची होती. कोळपं म्हणजे पुढे सायकलचं चाक, मागे धरायला दोन दांड्या, आणि मध्ये मातीत बोटभर खाली सरकणारं आडवं पोलादी पातं. ढकलत गेलं की ओळींमधली माती मोकळी होते, तणही कापलं जातं. निदान व्हायला हवं.

"दादा, तण पात्यालाच गुंडाळतं रे. दर दहा पावलांना वाकून सोडवायचं. कंबरेचा पार खुळखुळा झालाय."

"शेत म्हटलं की वाकणं आलंच," लोहार म्हणाला. "आपल्या बाबांपासून पातं असंच सरळ आहे."

"बाबा कुठे कोळपत होते?"

लोहाराने घण उचलला आणि आवाजात तिचं बोलणं बुडवून टाकलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती नुसती पाणी पिऊन गेली.

मग लोहार तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळला. उठून दुकानात आला, तेव्हा भट्टीत ताजी राख होती आणि ढिगातला एक पाटा कमी होता. खिडकीतून पाहिलं तर बहीण कोळपं ढकलत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. एकदाही वाकली नाही.

तिने पातं मधोमध टोकदार ठेवून दोन्ही बाजू मागे वळवल्या होत्या, उडत्या पाखराच्या पंखांसारख्या. तण आडवं अडकण्याऐवजी त्या तिरक्या धारेवरून सरकत बाजूला पडत होतं. इतकं साधं होतं, की लोहाराच्या अंगाचा तिळपापड झाला. अवघड काही असतं तर त्याला एवढं लागलं नसतं.

"नुसतं लोखंड वाकवलं की झालं का माणूस लोहार?" घरी जेवताना तो म्हणाला.

"त्या कुठे म्हणाल्या लोहार झाले म्हणून?" बायको म्हणाली. "कंबर वाचली त्यांची, एवढंच. तुम्ही भाजी घ्या."

भाजी बहिणीच्याच मळ्यातली होती. त्याने नुसती भाकरी खाल्ली.

बायकोला सांगण्यासारखं नव्हतं, पण हे दुखणं जुनं होतं. लहानपणी बापाच्या हाताखाली तो घण मारायचा आणि बहीण भाता ओढायची. लोखंड पुरतं तापलं की नाही, हे बाप तिला विचारायचा. "आता काढा," ती म्हणायची आणि बाप काढायचा. घण मारणाऱ्याला कुणी काही विचारत नसे. धंदा पुढे त्याच्याकडे आला, दुकान आलं, ऐरण आली. पण बापाने एकदा तरी वळून आपल्याला विचारायला हवं होतं, हे त्याच्या मनातून काही जाईना.

पुढच्या दोन महिन्यांत गिऱ्हाइकं दारात उभी राहून विचारायला लागली, "ते ताईंचं कोळपं मिळतं का इथे?" इथे म्हणजे त्याच्या दुकानात, त्याच्या भट्टीसमोर! तो "बघू" म्हणायचा आणि विळ्याचं बोलायला लागायचा.

एक दिवस माळावरचा एक उंच शेतकरी आला. त्याने बहिणीचं पातं तिच्या मळ्यात चालताना पाहिलं होतं आणि नमुन्यासाठी मागून आणलं होतं. तो म्हणाला, "आम्हा सहा घरांना सहा पाती हवीत. नमुना हाच."

काम नाकारायला कारण नव्हतं. लोहाराने बहिणीचं पातं ऐरणीवर ठेवून पंख किती मागे गेलेत ते बोटांनी मोजलं. मग सहाही पाती करताना दोन्ही पंख दोन-दोन बोटं कमी वळवले, मुद्दामच. तण अडकेल, लोक वैतागतील, आणि ताईंच्या कोळप्याचं कौतुक आपोआप थंड होईल, असा त्याचा हिशेब. तापल्या पोलादाला टणक करणारं पाणी मात्र त्याने चोख दिलं. वाईट पाणी द्यायला त्याचा हात धजेना.

तीन आठवडे तो तक्रारीची वाट बघत होता. तोंडावर आणायची हळहळसुद्धा त्याने तयार ठेवली होती.

उंच शेतकरी आला तो हसतच. बहीण तेव्हा पाणी प्यायला आलेली होती.

"मानलं तुम्हाला! नंतर ताईंचंही पातं आमच्या माळावर लावून पाहिलं, तर ते नुसतं वरवर घसरत होतं, आत शिरेचना. हे कसं बरोबर बसतं, आणि तणही धरत नाही. आमची जमीन कडक, म्हणून तुम्ही वाक कमी केलात ना? आम्ही काही बोललो नसताना!"

बहिणीने शेतकऱ्याच्या हातातलं पातं घेतलं, उलटसुलट फिरवून पाहिलं.

"दादा! मला बोलला पण नाहीस," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता की त्याने मान खाली घातली.

त्या संध्याकाळपासून तिने सगळ्या गल्लीत सुरू केलं. "माझं कसलं डोकं? मी आपलं माझ्या मऊ मातीपुरतं बघितलं. जमीन ओळखली ती दादाने." लोक थांबून लोहाराला शाबासकी द्यायला लागले. जन्मभर हेच तर हवं होतं, आणि आता ते ऐकवत नव्हतं. तिच्या जागी आपण असतो तर असं बोललो असतो का? नसतो. हे कळलं तसा तिच्या कोळप्याचा हेवा मागे पडला आणि तिच्या मोठ्या मनाचा वाटायला लागला. तो तर आणखी वाईट.

एका दुपारी ती रंगाचा डबा घेऊन आली. "कडक जमिनीच्या पात्यांवर तुझं नाव घालू या."

"नको."

"लाजतोस काय?"

"मी ते चांगलं व्हावं म्हणून केलं नव्हतं," लोहार ऐरणीकडे बघत म्हणाला. "तण अडकावं म्हणून वाक कमी केला. तुझं नाव खराब व्हावं म्हणून."

बहिणीने डबा खाली ठेवला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि मी गल्लीभर..." ती तशीच वळली. पाणी न पिताच गेली.

अकरा दिवस ती दुकानात फिरकली नाही. खिडकीतून तिची पाठ दिसायची. बायकोने एकदा विचारलं, "भांडलात का?" तो म्हणाला, "नाही. खरं बोललो." त्या दिवसापासून बायको वन्संकडे रोज जायला लागली.

बाराव्या दिवशी बहीण आली, ती पत्र्याचे दोन तुकडे घेऊन. एक मऊ मातीच्या वाकाचा, एक कडक मातीच्या.

"यावर बसेल तेच पातं गिऱ्हाइकाला द्यायचं," ती म्हणाली. "आधी जमीन विचारायची, मग घडवायचं. आणि दर शनिवारी मी येऊन तपासणार."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"नाही," ती म्हणाली. "येईल कधीतरी."

आता शनिवारी ती ढिगासमोर पाटावर बसते आणि एकेक पातं पत्र्यावर धरून बघते. नापास झालेलं त्याच्या पायाशी टाकते. त्याला राग येतो, पण तो पातं मुकाट्याने परत भट्टीत घालतो. तिचं नाव कुणी घेतलं की तो अजून विळ्याचं बोलायला लागतो. गेल्या शनिवारी चौदा पाती होती. तिने सगळी बघितली, एकही पायाशी आलं नाही. "पाणी दे रे," ती म्हणाली. तो स्वतः उठला, तांब्या घासला आणि भरून आणला.