ओसाकाला गेलेली रेकॉर्ड

उत्कर्षा माझ्यासोबत तारापूरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. तिचे वडील नागोराव नोकरीसाठी परभणीकडून बोईसरला आले आणि इथलेच झाले, पण घरातली बोली अजून तिकडचीच आहे. शाळेच्या लेझीम पथकात ती ताशा वाजवायची. कॉलेजात असताना तिने वसईच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट विकत घेतला आणि दोन खोल्यांच्या घरात आणून मांडला. शेजाऱ्यांनी काही दिवस सहन केलं. मग तो सेट टेम्पोत घालून सातपाटीला गेला, केतनच्या घरामागच्या जाळी ठेवायच्या शेडमध्ये.

केतन सातपाटीचा. घरची बोट आहे, पण हा कारखान्यात इलेक्ट्रिशियन. गाणी लिहितो, गातो, गिटार वाजवतो. तिसरा दिग्विजय, तोही एमआयडीसीतलाच. तो बास गिटारवर. कामावरून सुटल्यावर सराव करायचे म्हणून बँडचं नाव ‘दुसरी पाळी’. वाजवायचे जुन्या वळणाचं रॉक अँड रोल, शब्द मात्र सातपाटीच्या बोलीतले. हळदीला त्यांना बोलावणी यायची. म्हातारी माणसंही खुर्चीत बसून पाय हलवायची.

अशाच एका हळदीचा व्हिडिओ ओसाकाच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या पाहण्यात आला. ही कंपनी देशोदेशीचं रॉक अँड रोल जमवून जपानी शौकिनांसाठी मोठ्या काळ्या रेकॉर्डी काढते. त्यांना आठ गाणी हवी होती, आणि आहेत त्याच बोलीत. अट एकच, विक्री फक्त जपानात.

“म्हणजे आपली गाणी आपल्याकडेच मिळणार नाहीत?” दिग्विजयने विचारलं.

“नाय मिळली तर नाय मिळली,” केतन म्हणाला. “भायेर तर जातात.”

पत्रव्यवहार केतनकडे होता. इंग्रजी बरं म्हणून त्यालाच पुढे केलेलं.

रेकॉर्डिंग पावसाळ्यात केलं, कारण तेव्हा मासेमारी बंद असते आणि केतनच्या घरच्यांनाही शेडची घाई नसते. भिंतींवर जाळ्यांचे ढीग असल्यामुळे आवाज घुमत नव्हता. गिटारी थेट वायरीने कॉम्प्युटरला जोडता आल्या, गाणं नंतर दिग्विजयच्या फ्लॅटवर गायलं गेलं. ड्रमला मात्र माइक लावण्याशिवाय इलाज नव्हता आणि वर पत्रे होते. सर आली की थांबायचं, उघडीप झाली की वाजवायचं, असं करत त्यांनी सात गाणी संपवली, तरी पागोळ्यांची टपटप माइकमध्ये येतच होती. आठवं चालू असताना पाऊस कोसळला. उत्कर्षा थांबली नाही, मग बाकीचेही थांबले नाहीत. त्या सगळ्या दिवसांत ती रजेवर होती आणि तिची सॅम्पलं मी तपासत होते.

दिवाळीनंतर पार्सल आलं, तिघांना एकेक रेकॉर्ड. कव्हरवर तिघांचा फोटो, खाली जपानी अक्षरं आणि तिघांची नावं इंग्रजीत. वाजवायला यंत्र कुणाकडेच नव्हतं. वाणगावच्या रूपेशकडे, जो लग्नांना साउंड भाड्याने देतो, त्याच्या वडलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर निघाला. तिघं तिथे गेले.

पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तशी उत्कर्षा म्हणाली, “हे मी नाही.”

“रेकॉर्डवर आवाज जरा वेगळा लागतो गं,” दिग्विजय म्हणाला.

“आवाजाचं नाही म्हणत मी. हे मी वाजवलेलंच नाही.”

केतन खाली बघत होता. “त्यांचा मेल आलेला,” तो म्हणाला. “ड्रममदी पाऊस येते, तिकडंच कोणाकडून वाजवून घेतो, असा बोलले. मी हो बोललो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू नाय बोलली असती. मंग रेकॉर्डच निघाली नसती.”

“नाही म्हटलं असतं का हो म्हटलं असतं, ते मलाही माहीत नाही. तू विचारलंच नाहीस.”

दुसरी बाजू लावायच्या आत ती उठली आणि चालत स्टेशनवर आली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आम्ही पेढे आणलेले. तिने एक घेतला, टेबलावर ठेवला आणि मला सगळं सांगितलं. घरी रखमाबाईंनी, तिच्या आईने, कव्हर शोकेसमध्ये लावलं होतं आणि नागोराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होते. त्या संध्याकाळी तिने त्यांनाही सांगितलं.

“नाव तुझंच हाय न्हवं वर?” नागोराव म्हणाले. “मग कोण बघायलंय?”

“ज्यानं वाजवलं त्यो बघत असंल की, बाबा. मेहनत त्याची अन् नाव माझं.”

नागोरावांनी शोकेसमधलं कव्हर काढून हातात घेतलं. मग म्हणाले, “मग कळीव त्येंला.”

तिने मेल लिहिला. इंग्रजी तेवढं मी बघून दिलं. माझं नाव काढा, ज्याने वाजवलं त्याचं घाला, एवढंच त्यात होतं. केतनवर एक शब्द नव्हता.

उत्तर लवकर आलं. कंपनीने माफी मागितली होती. वाजवणाऱ्याचं नाव ओकाबे, तो एका हॉटेलात वाजवतो. पुढच्या छपाईत त्याचं नाव घालू. पण फक्त सात गाण्यांवर. आठव्यात पाऊस वाढेल तसा उत्कर्षाने वेगही वाढवत नेला होता आणि बाकीचे तिच्यामागे गेले होते. त्यावर दुसरे ड्रम काही केल्या बसेनात, म्हणून ते गाणं पावसासकट तसंच ठेवलं होतं.

“म्हणजे लय सुटली म्हणून मी वाचले,” असं म्हणून ती हसली. रेकॉर्ड आल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी ती आई-वडलांना घेऊन रूपेशकडे गेली. प्रत्येक गाण्याला नागोराव विचारत, “ही तू?” ती नाही म्हणे. शेवटच्याला तीच आधी म्हणाली, “ही मी.” त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. रखमाबाई म्हणाल्या, “ओकाबेचं बी चांगलं हाय की.” उत्कर्षाने ते मान्य केलं.

केतन डिसेंबरात त्यांच्या घरी आला. सोबत त्याची आई शकू, तिच्या पिशवीत सुके बोंबील. शकूबाई आणि रखमाबाई स्वयंपाकघरात गेल्यावर तो म्हणाला, “चुकला माझा.”

“हो, चुकलंच,” उत्कर्षा म्हणाली. “यापुढे त्यांचे मेल तिघांना आले पाहिजेत. आणि विचारल्याशिवाय कुणी हो म्हणायचं नाही.”

त्याने मान डोलावली. पुढच्या आठवड्यापासून सराव सुरू झाला. नवी छपाई आली, तिच्यात ओकाबेचं नाव आहे. तो आणि उत्कर्षा अधूनमधून एकमेकांना वाजवलेले तुकडे पाठवतात. केतनशी तिच्या पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत, असं दिग्विजय म्हणतो. पण हळदीला मी त्यांना ऐकलं आहे. वाजवताना ते एकमेकांकडे बघतात, आणि गाणं जिथे संपायला हवं तिथे तिघांचं एकदम संपतं.