रेट वाढला की चिकन

रत्नागिरी स्टेशनवर मला सोडायला वडील, आमचे आबा, जेटीवरून थेट आले होते. कपड्यांना मासळीचा वास, पायांना खवले. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी माझ्या पिशवीत कोंबून म्हणाले, "दोन वर्सं काढ. बोटीला नवं इंजिन बसलं, की परत ये." म्हणून मी मस्कतला आलो, हौसेने नव्हे.

इथे आमच्या खोलीत एक रीत आहे. रुपया घसरला की आम्ही म्हणतो, रेट वाढला. तेवढ्याच रियालचे घरी जास्त रुपये पोचतात, म्हणून त्या संध्याकाळी राजापूरचा सुभाष चिकन करतो. सुरुवातीची वर्षं मीही त्यावर ताव मारला. दोन वर्षांत भागलं नाही, पण इंजिन त्या रेटवरच आलं, नाकारत नाही.

पण त्याच रेटने डिझेलही महागलं. तेल बाहेरून, डॉलर मोजून आणावं लागतं, हे टीव्हीवरच्या विद्वानांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? तरी टाय लावून सांगतात, रुपया घसरला की निर्यात वाढते, कोळंबीवाल्यांची चांदी होते. आमची कोळंबी परदेशी जाते, खरं आहे. पण मिरकरवाड्याच्या जेटीवर व्यापारी आबांना गेल्या सालचाच भाव देतो. वरचं कोण गिळतं, ते टायवाला सांगत नाही. विरोधात असताना रुपयासाठी गळा काढणारे सत्तेत आले की त्याच घसरणीचे फायदे समजावतात, आणि खुर्ची गेलेले गळा काढायला लागतात. लाज दोघांनाही नाही.

यंदा नारळी पौर्णिमेला आबांनी समुद्राला नारळ दिला, पण पावसाळ्यासाठी बोटीवर शाकारलेल्या झावळ्या काढल्याच नाहीत. नव्या इंजिनासकट बोट वाळूवरच राहिली. धाकट्या महेशचा फोन आला, "दादा, डिझेल नि खलाशी धरले तर हातात काय उरत नाय. माझ्यासाठी तिकडं काय तरी बघ."

त्याच आठवड्यात रुपया आणखी घसरला. सुभाषने पातेलं चढवलं. मी म्हटलं, मला वाढू नकोस.

"तू नाय जेवलास म्हणून रुपया वर येणार हाय काय?" तो म्हणाला.

मी बाहेर येऊन आबांना फोन लावला. म्हटलं, इंजिन बसलं, आता येतो परत. महेशला कुठे पाठवू नका, दोघं मिळून बोट काढू.

आबा म्हणाले, "आता नको येऊस. रेट चांगला हाय म्हणतात."

आबांच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, जिथून कोणी 'परत ये' म्हणतं ते घर, एवढीच माझी समजूत होती. त्या घराला 'नको येऊस' म्हणायला ज्यांनी लावलं, त्यांना मी माफ करणार नाही.

खोलीत गेलो. सुभाषने माझं ताट वाढून ठेवलं होतं. मी जेवलो.